खालचा हात

जयनगर, बेंगळूरु
५ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,

मी, पद्मनाभ खंडोजीराव सोळंके, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, जयनगरातील एका सहकारी पतसंस्थेचा अंतर्गत लेखापरीक्षक आणि नात्याने तुझा थोरला भाऊ, हे पत्र एका खुर्चीसंबंधी लिहीत आहे. तू माझा फोन घेत नाहीस. तो तुझा अधिकार आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. अप्पांच्या पश्चात इथल्या शिवाजीनगरचे वेताच्या सामानाचे दुकान बंद करण्याचा निर्णय मी घेतला. तो व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होता, हे माझे मत आजही कायम आहे. या पत्राचा त्या विषयाशी संबंध नाही, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे पाकीट फाडून टाकण्याआधी तू निदान दुसरा परिच्छेद वाचशील.

दर रविवारी आई तुझ्या कौशल्यावहिनीच्या फोनवरून तुझ्याशी बोलते आणि "मी बरी आहे" असे सांगते. हे विधान अपुरे आहे. नोव्हेंबरात तिला न्यूमोनिया झाला होता. आठवडाभर ती रुग्णालयात होती. "ती तिकडं आसामात एकटी, ऐकून काय करणार?" असे म्हणून तिने आम्हा सर्वांकडून गप्प राहण्याचे वचन घेतले. ते मी आज मोडत आहे. आता ताप नाही. पण छातीत कफ धरून आहे. डॉक्टर म्हणतात, दिवसाचा बराच वेळ ताठ बसून काढला पाहिजे, नाही तर दुखणे उलटेल. आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी उलटलेले दुखणे आवरणे कठीण. आई बसत नाही. पडून असते.

बसत नाही, कारण अप्पांनी तिच्यासाठी केलेली वेताची खुर्ची मोडली. म्हणजे लाकूड शाबूत आहे, बैठक फाटली आहे. आमचा प्रणीत दिव्याचा बल्ब बदलायला तिच्यावर चढला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. (तू गेलीस तेव्हा तो शाळेत होता. आता त्याचे वजन आणि त्याची अक्कल यांचे प्रमाण तुला या एका घटनेवरून कळेल. त्याचे लग्न झाले आहे. सुचेता पुण्याची, दोघेही बेळ्ळंदूरला नोकरीला.) आईला मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची दिली, रेक्झिनची दिली, शेजारच्यांची डोलखुर्ची आणून दिली. "परक्याच्या घरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं," म्हणते, आणि पाच मिनिटांत पुन्हा आडवी होते. खुर्ची विणायला बाहेर द्यावी, तर ती दाराबाहेर जाऊ देत नाही. "या घरातनं गेलेली वेताची वस्तू परत आलेली मी बघितली नाही," हे तिचे शब्द. त्यांचा रोख कोणाकडे आहे हे मला समजते.

तेव्हा बैठक घरीच विणायची, आणि ती मी विणायची, असे ठरले आहे. तू सिलचरला हेच शिकवतेस. माझे प्रश्न इतकेच: वेत ही बांबूचीच एखादी बारीक जात असावी असे मी धरून चालतो, मग बांबूच्या कामट्यांनी बैठक विणली तर चालेल काय? चालत नसल्यास कोणता वेत, किती जाडीचा, आणि कोठे मिळेल?

तुझा,
पद्मनाभ

१५ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,

मागील पत्राचे उत्तर आलेले नाही. येण्याइतके दिवसही झालेले नाहीत. हे पत्र घाईचे नसून कुतूहलाचे आहे. लिहायला दुसरे कोणी सुचले नाही.

शनिवारी मी शिवाजीनगरला गेलो होतो. आपल्या गल्लीत आता तीनच दुकाने उरली आहेत. एकावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'केन' अशी पाटी आहे. मी बाहेर उभा राहून पाटीखालच्या मालाची नोंद घेतली. बांबूची शिडी, बांबूचे सूप, वेताचा पाळणा, तपकिरी प्लॅस्टिकच्या दोरीने विणलेला सोफा आणि म्हाताऱ्यांच्या हातकाठ्या. अगदी लगत उसाच्या रसाचा गाडा. इंग्रजीच्या हिशेबाने तोही त्याच पाटीखाली येतो.

दुकानदार तरुण आहे. "बन्नी सार, केन बेका? ओरिजिनल केन!" म्हणत त्याने मला आत बोलावले आणि काय हवे ते विचारले.

मी विचारले, "यातला कोणता माल कोणत्या झाडाचा आहे?"

"झाड?" त्याने सोफ्याकडे पाहिले. "झाड नाही सार. फॅक्टरी!" मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. "स्वल्प कूतकोळ्ळी सार," म्हणत त्याने मला बसायला स्टूल दिले. ते स्टूल लोखंडाचे होते.

त्याच्याकडून मी यंत्रावर विणलेल्या तयार जाळीचा एक तुकडा आणला. आईने पडल्यापडल्या तो बोटांत धरला. "पीठ चाळायला बरी आहे," म्हणाली आणि कौशल्येकडे दिली. कौशल्येने ती खरोखर स्वयंपाकघरात टांगली आहे. आता तीत कांदे असतात.

काल संक्रांत. जयनगरच्या बाजारात उसाच्या मोळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एळ्ळु-बेल्ल या इथल्या तीळगुळाबरोबर वाटायला मी त्यांतला एक घेतला, आणि कांडी पाडताना माझ्या लक्षात आले की याला मी जन्मभर 'कब्बु' आणि 'ऊस' म्हणत आलो. 'केन' असा विचार एकदाही मनात आला नाही. संध्याकाळी सुचेताकडून इंग्रजी शब्दकोश फोनवर उघडून घेतला. तो शब्द मोठा ऐसपैस आहे. ऊस तोच, वेत तोच, बांबूही प्रसंगी तोच, काही फळझाडांच्या लांब फांद्याही तोच. मोजायची वस्तू म्हणूनही चालतो आणि न मोजायचा माल म्हणूनही: एक घेतला तर काठी, नुसता घेतला तर खुर्चीचे सामान. शिवाय तो क्रियापदही होतो. मास्तरांनी मुलाला वेताने मारले, एवढे सगळे त्या एका शब्दात बसते. आपण वेताने मारतो. 'वेततो' असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे वेत, वेळू, कळक, बोरू, ऊस ही सगळी वेगवेगळी बिऱ्हाडे आहेत. त्यांना एका छपराखाली घेणारा शब्द मला आठवला नाही. तुला आठवतो काय?

आणखी एक. आई "ती बेत" म्हणते. सुचेता हसून म्हणाली, "आजी, तो वेत. मॅस्क्युलिन."

आई म्हणाली, "तुमच्या पुण्यात असेल गडी. आमच्या घरात ती बाईच होती. दुकान तिनंच चालवलं."

आई वेताविषयीच बोलत होती की आणखी कोणाविषयी, याची मी खात्री करून घेतली नाही.

तुझा,
पद्मनाभ

२९ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,

पुडके मिळाले. आत वेताच्या पट्ट्यांची जुडी, आणि एका चिठ्ठीवर ना मायना ना सही, फक्त तीन वाक्ये: "वेत बांबू नव्हे. बांबू आणि ऊस गवताच्या घरातले, वेत नारळ-सुपारीच्या. पुढच्या पत्रात ही चूक नको."

चूक दुरुस्त केली आहे. तुझ्या तीन वाक्यांमुळे मला तीन दिवस झोप नीट लागली नाही, हेही सांगतो. नारळाच्या घरातला! मी लालबागेत जाऊन माहीतगार माळी गाठला आणि वेताचा वेल पाहिला. मी त्याला झाडासारखे उभे कल्पिले होते. तो उभाच राहू शकत नाही. अंगभर काटे, आणि चाबकासारखे लांब शेंडे. त्यांवरच्या आकड्यांनी तो शेजारच्या झाडाला धरतो आणि त्याच्या जिवावर वर चढतो. बांबू पोकळ असून स्वतःच्या पायांवर उभा, आणि हा आतून भरीव असून परावलंबी. मी माळ्याला म्हणालो, "हे उलटे नाही का झाले?" तो म्हणाला, "त्याला विचारा."

तू आसामात असले वेल जंगलात पाहतेस. काटे काढून, साल सोलून, तिची इतकी गुळगुळीत पट्टी कशी करतात, आणि गाभ्याचे पुढे काय होते, हे सवडीने कळव. मला आजवर वाटत होते की खुर्चीत वेत असतो. खुर्चीत त्याची केवळ त्वचा असते.

आता आईविषयी. टपालवाल्याने दिलेले पुडके कौशल्येने तिच्या खोलीच्या दाराशी ठेवले. मी कचेरीतून आलो, तेव्हा ते तिच्या उशाशी होते, न उघडलेले. ती वरच्या सुतळीची गाठ बोटाने चाचपत होती.

"ही दुकानातली गाठ," म्हणाली. "कुणी बांधली?"

मी म्हणालो, "टपालातून आले आहे."

"टपाल गाठी मारतंय होय रे पद्दू?"

मी कात्री आणली. पण तिने गाठ कापू दिली नाही; अर्धा तास खपून स्वतः सोडवली, आणि त्यासाठी तिला उशीला टेकून बसावे लागले. पट्ट्या पाण्यात घातल्यावर म्हणाली, "बादली जवळ आण." ओल्या वेताला वास असतो, हे मी विसरलो होतो. जुन्या दुकानात पाय ठेवताच यायचा तो.

येत्या रविवारी प्रारंभ करीन. खुर्चीच्या चौकटीची भोके साफ करून ठेवली आहेत. त्यांमधले अंतर मोजून आराखडाही काढला आहे.

तुझा,
पद्मनाभ

१२ फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरीस,

झालेला प्रकार जसाच्या तसा लिहितो.

उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, पुन्हा उभ्या, हे सर्व मी आराखड्यानुसार केले. प्रत्येक पट्टी पाण्यातून काढून, ताणून, भोकात खुंटी ठोकून पक्की केली. एकही तिरपी नव्हती, एकही सैल नव्हती. बोट मारले तर नाद येई. कौशल्या म्हणाली, "अगदी तुमच्यासारखी झाली आहे." मी ते कौतुक समजलो.

तिरप्या पट्ट्या घालायची वेळ आली आणि त्या शिरेनात. शिरवायला गेलो की अडकत, त्यांचे धागे सुटत, कोठेतरी फाटत. सुचेता घरून काम करीत होती. मीटिंगचे कानातले यंत्र काढून आली. "बाबा, हे टोटली टाइट झालंय. मध्ये स्पेसच नाहीये."

मी म्हणालो, "ताण सर्वत्र समान आहे. मी तपासला आहे."

"हो, पण तिरप्या पट्टीला जायला जागा नको का?"

मी तिरप्या पट्ट्या दुसऱ्या दिवसावर टाकल्या. पण सकाळपर्यंत वेत वाळला, आणि वाळताना आणखी आवळला. न्याहारीच्या वेळी आतल्या खोलीतून एक आवाज आला, मग दुसरा. मी धावलो. पट्ट्या एकामागून एक तुटत होत्या, कोणीही बसलेले नसताना.

आई पलंगावरून पाहत होती. आणि कस्तुरी, ती हसली. रुग्णालयातून आल्यापासून प्रथमच. इतकी हसली की खोकला आला, आणि खोकल्याबरोबर कितीतरी कफ सुटला.

"अय्यो पद्दू! खुर्ची विणतोयस का तबला चढवतोयस? बेत ओली असताना एवढी ओढतात का कधी? स्वल्प सैल सोड की. सुकली की ती आपणहून आवळते. तुझे अप्पा म्हणायचे, पहिल्या दिवशी बेतीवर विश्वास टाकायचा."

"हे तू आधी का सांगितले नाहीस?"

"तू विचारलंस का? पट्टी घेऊन मोजत बसला होतास."

मग तिने मला विचारले, "आणि एकट्यानं कोण विणतं? वरचा हात तुझा. खाली कोण आहे?"

मला तिचे म्हणणे कळले नाही. तेव्हा तिने समजावले, आणि मी थक्क झालो. मी त्याच दुकानात वाढलो, गल्ल्यावर बसून अभ्यास केला, आणि हे कधी पाहिले नव्हते. अप्पा वरून पट्टी भोकात सोडायचे आणि खुर्चीखाली बसलेले माणूस ती ओढून पुढच्या भोकातून वर द्यायचे. वरच्याला नक्षी दिसते, पण ताण किती हे खालच्या हातालाच कळते. म्हणून सैल-घट्ट ठरवायचा हक्क खालच्या हाताचा. "कस्तुरी बसायची खाली," आई म्हणाली. "फ्रॉकात होती तेव्हापासून. ती 'बस' म्हणाली की अप्पा थांबायचे."

तेव्हा आता दोन प्रश्न. पट्टी एका बाजूने ओढली की सरळ जाते आणि दुसऱ्या बाजूने ओढली की अडकते, असे मला वाटते. हे खरे की माझा भास? खरे असल्यास बाजू ओळखायची कशी? डोळ्यांना काहीच दिसत नाही. आणि दुसरा: खालचा हात कोणाला करावे? प्रणीतला आवाज दिला तर "आलो" म्हणतो आणि येत नाही. सुचेताच्या मीटिंगा संपत नाहीत. कौशल्येने स्पष्ट नकार दिला: "तुमच्या हाताखाली? तीस वर्षं आहे की."

तुझा,
पद्मनाभ

२ मार्च २०२५

चि. कस्तुरीस,

तुझी चिठ्ठी, "पट्टी ओठांवरून फिरवून बघ, एका बाजूने अडेल," मिळाली. पुन्हा मायना नाही. परंतु मी लगेच प्रयोग केला आणि अक्षरशः उभा राहिलो. अडते! जेथे पान फुटले होते त्या पेराशी एक अतिसूक्ष्म उंचवटा असतो. बोटाला तो नीट लागत नाही, ओठाला लागतो. अप्पा काम सुरू करण्याआधी पट्टी तोंडाला लावायचे. मी लहानपणी समजत होतो की ती त्यांची नमस्काराची रीत आहे. तोडून, सोलून, वाळवून, एवढे मैल प्रवास करूनही पट्टीला आपण कोणत्या दिशेने वाढलो ते आठवते, आणि विणणाऱ्याने तिला त्याच दिशेने न्यावे लागते. हे एखाद्या पुस्तकात लिहिलेले आहे काय? नसल्यास तू लिहावेस.

आता मुख्य बातमी. दुसऱ्या चिठ्ठीची वाट न पाहता खालचा हात नेमला गेला आहे. नेमणूक मी केलेली नाही.

मागल्या रविवारी मी खुर्ची दोन स्टुलांवर चढवून पुन्हा आरंभ केला. वरून पट्टी सोडायची, वाकून खालून ओढायची, पुन्हा उठायचे. आई बघत होती. "डावीकडचं भोक चुकलास." थोड्या वेळाने: "परत चुकलास." मग पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज झाला. "ती टेबलाची खुर्ची आण इकडं. ती रे, ताठ पाठीची. बघत का बसलायस? पाठीला एक उशी दे. आता खाली हात घालते मी, तू वरनं सोड. आणि मी 'सरी' म्हणेपर्यंत ओढायचं नाही."

ज्या खुर्चीवर ती पाच मिनिटे टिकत नव्हती, तिच्यावर त्या दिवशी जेवणापर्यंत बसली. मला वाटले दमली असेल, म्हणालो, "आता पुरे." तर म्हणाली, "तुला बघायचंय का कितपत सैल ठेवायची ते? मग गप विण." दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून येईपर्यंत ती पट्ट्या भिजवून वाट बघत बसली होती. बसली होती, हे दोनदा लिहितो. आता रोज संध्याकाळी आम्ही काम करतो. तिचा हात मला दिसत नाही; भोकातून पट्टीचे टोक वर येते आणि तिचा आवाज. "हं. हं. सरी. आता ही सोड, ही मोठी आगाऊ आहे." ती प्रत्येक पट्टीबद्दल बाईमाणसाबद्दल बोलावे तसे बोलते, आणि आता मीही कधी कधी 'ती' म्हणून जातो. सुचेताने ते ऐकले आणि प्रणीतला सांगितले.

परवा डॉक्टर येऊन गेले. छाती ऐकून म्हणाले, "पुष्कळ मोकळी झाली. कोणता व्यायाम करता?" आई म्हणाली, "पोराला वळण लावतेय."

माझ्या मनात एक शंका आहे ती तुलाच विचारतो. तिला बसण्यासाठी खुर्ची हवी म्हणून मी विणू लागलो, आणि ती बसली ती खुर्ची नसताना. जे काम पुरे व्हावे म्हणून धडपडलो, ते आता पुरे होऊ नये असे मला वाटू लागले आहे. पुरे झाल्यावर ती पुन्हा आडवी झाली तर? मी मुद्दाम सावकाश विणतो असे नाही. तसे केले तर खालच्या हाताला कळेलच. तुझे यावर काय मत आहे? वेत विणणाऱ्यांमध्ये याला काही उपाय आहे काय?

तुझा,
पद्मनाभ

१६ मार्च २०२५

चि. कस्तुरीस,

शुक्रवारी चिठ्ठी आली. एकच ओळ: "अण्णा, तू प्रश्न विचारायला कधी शिकलास?"

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा माझा शिरस्ता आहे, म्हणून देतो. यंदा, जानेवारीत. त्या आधी मी विचारले नव्हते, हे खरे आहे. ज्या वेळी विचारायला हवे होते त्या वेळीही. दुकानाविषयीचे माझे मत बदललेले नाही. मात्र ते मत मी गल्ल्यावर बसून बनवले होते, आणि खुर्चीच्या खाली बसून ते कसे दिसते हे मला ठाऊक नाही. ते ऐकण्याची माझी इच्छा आहे. मध्ये बोलणार नाही. चिठ्ठीतला पहिला शब्द मी कौशल्येला वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढं पुढचं वाचा की." मी पुढचे नंतर वाचले.

चिठ्ठी आईलाही दाखवली. तिने ती हातात घेतली, कोठून आली हे विचारले नाही. म्हणाली, "अक्षर अजून कोंबडीचे पाय." चिठ्ठी परत देत म्हणाली, "मग? तू काय लिहितोस तिला?"

"वेताविषयी लिहितो."

"तीन महिने? बेतीविषयी?"

"विषय मोठा आहे," मी म्हणालो.

बैठक काल विणून झाली. तिरप्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी बसल्या आणि अष्टकोनी नक्षी उमटली. रात्रभर वाळली, एकही तुटली नाही. सकाळी बोट मारले तर नाद होता, पण माझ्या तबल्याचा नव्हे, जरा खालच्या पट्टीतला. फक्त सभोवतीचा काठ राहिला आहे. जी रुंद पट्टी चौकटीवरची भोके झाकते, ती तू पाठवलेल्या जुडीत नाही. काठ लागेपर्यंत आई खुर्चीवर बसणार नाही. "भोकांत पदर अडकतो. उघडी खुर्ची काय वापरायची!" तुझ्यासारख्या माणसाकडून ती पट्टी चुकून राहिली असेल यावर माझा विश्वास नाही. तरीही मी त्याविषयी विचारणार नाही. प्रत्येक गोष्ट विचारायची नसते, हेही मी या तीन महिन्यांत शिकलो.

माझ्या शंकेवर उपाय आईनेच काढला आहे. सुचेताने माळ्यावरून अप्पांचे मोडके स्टूल खाली आणले. आई म्हणते, हे झाले की पुढचे. शेजारच्या घरातही एक फाटकी खुर्ची असल्याचे तिने शोधून काढले आहे. सुचेताही आता शनिवारी अर्धा तास वरचा हात होते. ती माझ्यापेक्षा सैल विणते. आई तिला कमी रागावते.

३० मार्चला पाडवा आहे. आपल्याकडे युगादीला कडुनिंब-गुळाचे बेवु-बेल्ल असते, पण सुचेताला यंदा पुण्यासारखी गुढी उभारायची आहे. त्यासाठी मी काल शिवाजीनगरहून काठी आणली. दुकानदाराने विचारले, "केन बेका सार?" मी म्हणालो, "बिदिरु." वेळू. पोकळ आणि स्वतःच्या पायांवर उभा. तू पाहशील तेव्हा चूक काढायला जागा राहू नये, याची काळजी घेतली आहे.

काठाच्या पट्टीचे माप पुढीलप्रमाणे: भोकाची रुंदी पुरती झाकून दोन्ही बाजूंना थोडी उरेल अशी, आणि लांबी चौकटीचा पूर्ण फेरा होऊन हातभर उरेल इतकी. ती कृपया टपालाने पाठवू नये. टपालात वेत मोडतो असे माझे म्हणणे नाही. मागचे पुडके सुखरूप पोचले होते. तरीही टपालाने पाठवू नये. काठाला वरचा हात माझा राहील. खालच्या हाताची जागा आईने, तिच्याच शब्दांत, "मोकळी करून ठेवली आहे."

तुझा अण्णा,
पद्मनाभ खंडोजीराव सोळंके
जयनगर, बेंगळूरु
१६ मार्च २०२५